सीए फायनलला नेमके किती तास लागतात? रोज १४ तासांचं ऐकून घाबरण्याआधी हे वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा की ऑक्टोबरअखेर आर्टिकलशिप (सीएच्या ऑफिसमधली सक्तीची उमेदवारी) संपतेय, मे महिन्यात फायनलचे दोन्ही ग्रुप, म्हणजे तीन-तीन मिळून सहा पेपर द्यायचेत, एफआरची (फायनान्शियल रिपोर्टिंग) लेक्चर्स अर्धीच झालीत, ऑडिटला हात लावलेला नाही, आणि ऑफिसमधला सीनियर म्हणतो की रोज १४ तास बसवणार असेल तरच दोन्ही ग्रुपचा फॉर्म भर, नाहीतर एकच दे. आणि तुला ८ तासांच्या वर बसवत नाही म्हणून आपल्याला हे झेपणार नाही असं वाटायला लागलंय.

आधी उत्तर देते, मग कारणं. ८ तास खरोखरचे होत असतील तर दोन्ही ग्रुप झेपतात, फक्त लेक्चर्स स्टडी लीव्हच्या (आर्टिकलशिपनंतरच्या अभ्यासाच्या महिन्यांच्या) आधी संपलेली हवीत. ती संपली नसतील तर १४ तास बसूनसुद्धा ओढाताण होते. सगळी गोष्ट या एका मुद्द्यावर येऊन थांबते आणि नेमकं हेच कुणी नीट सांगत नाही, सगळे रोजच्या तासांचा आकडा सांगून मोकळे होतात.

मी २०१२ पासून पुण्यात प्रॅक्टिस करतेय, ऑफिसमध्ये दरवर्षी तीन-चार आर्टिकल असतात, त्यांचे पास-नापास दोन्ही निकाल जवळून बघितलेत. आणि स्वतःचाही अनुभव आहे. मी नोव्हेंबर २०१० ला पहिला ग्रुप दिला, तेव्हा जुन्या स्कीममध्ये एका ग्रुपला चार पेपर असायचे. मी एक डायरी ठेवली होती, रोज रात्री त्यात किती तास झाले ते लिहायचे, १२, १३, एकदा तर साडेचौदा. निकाल आला तेव्हा चारही पेपरात ४० च्या वर होते पण बेरीज १९१, लागत होते २००. नऊ मार्कांनी गेला. खूप रडले त्या दिवशी. पण आठवड्याभराने ती डायरी पुन्हा काढून बघितली आणि लक्षात आलं की ऑडिट मी शेवटचं वाचलं होतं ऑगस्टमध्ये, लॉ सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि पेपर नोव्हेंबरात. तास भरपूर होते पण प्रत्येक विषय एकदाच झाला होता, तोही अगदी सावकाश, हायलायटरने पानं रंगवत. मे २०११ ला दोन्ही ग्रुप एकत्र दिले, रोजचे ८-९ तास, आणि दोन्ही निघाले. अर्थात पहिल्या ग्रुपचं एक वाचन आधीच झालेलं होतं, त्याचा फायदा झालाच, तो धरायलाच हवा. पण मुख्य फरक हा की त्या वेळी प्रत्येक विषय तीन वेळा फिरला होता.

आता हिशोब उलटा करून बघ, म्हणजे पेपरच्या दिवसापासून मागे. फायनलचा पेपर दुपारी २ ते ५. साधारण एक दिवसाआड पेपर असतात. समजा आज ५ वाजता एफआर सुटला आणि परवा २ वाजता एएफएम (फायनान्शियल मॅनेजमेंटचा पेपर) आहे, मध्ये ४५ तास आहेत. त्यातल्या दोन रात्रींची झोप काढ, येणंजाणं, जेवण, पेपर देऊन आल्यावरचा तो सुन्न तासभर काढ, तर हातात अभ्यासाचे १६ तास उरतात, फार तर १८. आज रात्री तीनेक, उद्या दिवसभरात दहा-अकरा, परवा सकाळी तीन-चार. बस. या १६ तासांत एएफएमचा अख्खा अभ्यासक्रम डोळ्यांखालून गेला पाहिजे, डेरिव्हेटिव्हज, फॉरेक्स, पोर्टफोलिओ, व्हॅल्युएशन, म्युच्युअल फंड, सगळं. आपण सीएवाले याला दीड दिवसाची रिव्हिजन म्हणतो. तू सहा महिने जे काही करणार आहेस ते एवढ्यासाठीच की प्रत्येक विषय दीड दिवसात मावला पाहिजे. जो विषय पहिल्यांदा १८० तासांत झाला तो आपोआप १६ तासांत मावत नाही, मध्ये त्याला ६०-७० तासांची एक फेरी आणि ३० तासांची एक फेरी लागते, तेव्हा कुठे तो शेवटच्या दीड दिवसात बसतो. माझ्या २०१० च्या डायरीत या मधल्या दोन फेऱ्याच नव्हत्या.

म्हणून तास विचारतेस तर विषयवार सांगते, हे माझ्या आर्टिकल्सवरून बांधलेले अंदाज आहेत आणि यात लेक्चर्स धरलेली नाहीत, फक्त स्वतः बसून केलेला अभ्यास. पहिल्या फेरीला एफआर साधारण २०० तास खातो, कारण इंड एएसची (भारतीय अकाउंटिंग स्टँडर्ड्सची) संख्याच मोठी आणि प्रत्येकाची गणितं वेगळी. डायरेक्ट टॅक्स १८० च्या आसपास, त्यात ३० मार्कांचं इंटरनॅशनल टॅक्सेशन आलं. ऑडिट १५०, एएफएम १३०, इनडायरेक्ट टॅक्स १३०, ज्यात ८० मार्क जीएसटीचे आणि २० कस्टम्स आणि फॉरेन ट्रेड पॉलिसीचे. सहावा पेपर म्हणजे इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स, तो ओपन बुक केस स्टडीचा, त्याला वेगळा अभ्यास फारसा नाही, वीस-पंचवीस तास केस स्टडीज सोडवण्याची सवय आणि कुठल्या पुस्तकात काय कुठे आहे हे हाताला माहीत असणं, एवढंच. ही पहिली फेरी झाली ८०० च्या वर. दुसरी फेरी साधारण ३००, तिसरी १२० ते १३०, शिवाय प्रत्येक विषयाचे निदान दोन पूर्ण पेपर घड्याळ लावून लिहायचे आणि तपासून चुका बघायच्या त्याचे ६०. बेरीज १३०० च्या आसपास जाते.

आता तुझे दिवस बघ. नोव्हेंबर ते एप्रिल सहा महिने. महिन्याला २६ दिवस धर, कारण ताप येतो, घरी लग्न असतं, एखादा दिवस नुसता डोकं धरून बसण्यात जातो, हे सगळ्यांचं होतं. २६ गुणिले सहा १५६ दिवस, रोजचे ८ तास म्हणजे १२४८. थोडंसं कमी पडतं, ते फेब्रुवारीनंतर ९ केलेस की भरून निघतं, आणि तोपर्यंत बसायची सवय झालेली असते त्यामुळं ९ जड जात नाहीत. म्हणजे बघ, १४ ची गरजच नाहीये कुठे. १४ तास कुणाला लागतात तर ज्याची ६००-७०० तासांची लेक्चर्स स्टडी लीव्हमध्ये शिल्लक आहेत त्याला, कारण त्याला सहा महिन्यांत १३०० नाही, २००० तास काढायचेत. तुझ्या सीनियरचं बहुतेक तसंच झालं असेल, त्याचा अनुभव खोटा नाही पण तो तुला तसाच्या तसा लागू नाही.

मग खरा प्रश्न मेचा नाहीच, आत्तापासून ऑक्टोबरपर्यंतचा आहे. आणि हाच काळ आर्टिकलसाठी सगळ्यात वाईट, मला माहितीये, मी स्वतः माझ्या आर्टिकल्सना या महिन्यांत रात्री साडेआठपर्यंत बसवते. जुलैत रिटर्न्स, मग लगेच टॅक्स ऑडिट, ३० सप्टेंबर डोक्यावर, आणि तारीख वाढली तर आणखी ओढतं. या काळात रोज ४ तास अभ्यास करते असं ठरवू नकोस, दोन आठवड्यांत मोडेल आणि मग अपराधी वाटण्यात आणखी दोन आठवडे जातील. सकाळी दीड तास, ऑफिसच्या आधी, फक्त लेक्चर. रविवारी पाच-सहा तास. म्हणजे आठवड्याचे १४-१५ होतात. बारा-तेरा आठवड्यांत १८० तास. एफआरचं उरलेलं अर्धं आणि ऑडिट एवढ्यात बसू शकतं, ऑडिटसाठी रेग्युलर बॅचऐवजी फास्ट ट्रॅक घेतलंस तर नक्की बसतं. ऑडिट हा विषय लेक्चरने कमी आणि परत परत वाचून जास्त होतो असं माझं स्पष्ट मत आहे, तिथे १५० तासांचं लेक्चर बघण्यात अर्थ नाही.

आणि ऑफिसच्या कामाकडे अभ्यासाचा वेळ खाणारी गोष्ट म्हणून बघू नकोस, निदान जीएसटी आणि ऑडिटपुरतं तरी. क्लायंटचं जीएसटीआर टू बी (पोर्टलवर दिसणारं टॅक्स क्रेडिटचं विवरण) जुळवताना एखाद्या बिलाचं क्रेडिट मिळत नाही असं सरांनी सांगितलं की का मिळत नाही ते विचार, कलम १७(५) मध्ये (क्रेडिट न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत) बसतं का, की १८० दिवसांत पैसे दिले नाहीत म्हणून रिव्हर्स करायचंय, की क्रेडिट घ्यायची कलम १६(४) ची मुदत गेली. त्याच दिवशी रात्री पुस्तकात ते कलम उघडून दहा मिनिटं वाच. कारोचा, म्हणजे कंपनीच्या ऑडिट रिपोर्टला जोडायच्या ठरावीक मुद्द्यांचा, रिपोर्ट टाइप करायला दिला तर नुसता मागच्या वर्षीचा कॉपी करू नकोस, क्लॉज वाच. माझ्याकडे एक मुलगा होता, त्याने दोन वर्षं हे केलं आणि स्टडी लीव्हमध्ये जीएसटी त्याला १३० च्या जागी ८०-९० तासांतच झालं.

आता खरे तास म्हणजे काय ते सांगते कारण सगळी गडबड इथे होते. दोन वर्षांपूर्वी माझी एक आर्टिकल लीव्हवर होती, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी ७ ला जायची आणि रात्री ९ ला निघायची, आणि ऑफिसला भेटायला आली तेव्हा म्हणाली मॅडम ११-१२ तास होतायत पण मॉकमध्ये ३५ च्या वर जात नाहीये. मी तिला म्हटलं तीन दिवस फोनचं स्टॉपवॉच लाव, जेव्हा पेन चालू किंवा डोळा पुस्तकात तेव्हाच चालू ठेव, पाणी प्यायला उठलीस तरी बंद कर. तिसऱ्या दिवशी तिने आकडा पाठवला, ६ तास २० मिनिटं. आणि त्यातले चार तास लेक्चर बघण्याचे, दीडपट स्पीडला, तेही दुसऱ्यांदा बघण्याचे.

मग मी तिला समोर बसवून एक साधं गणित दिलं, इंड एएस ११६ चं, लीजचं. पाच वर्षांचं लीज, वर्षाला १० लाख भाडं, दर १० टक्के, भाडं वर्षाच्या शेवटी. तिने पटकन ३.७९१ ने (पाच वर्षांचा १० टक्क्यांचा अ‍ॅन्युइटी फॅक्टर) गुणून लायबिलिटी ३७.९१ लाख लिहिली, बरोबर. मग मी फक्त एक शब्द बदलला, भाडं वर्षाच्या सुरुवातीला. तिने ४१.७० लाख काढले आणि तीच लायबिलिटी म्हणून लिहिली. आता पहिला हप्ता पहिल्याच दिवशी देऊन झालाय, तो देणं राहिलेलंच नाही, त्यामुळं लायबिलिटी उरलेल्या चार हप्त्यांची, ३१.७० लाख, आणि ४१.७० हा राइट ऑफ यूज, म्हणजे वस्तू वापरायच्या हक्काच्या, अ‍ॅसेटचा आकडा. हे तिला माहीत नव्हतं असं अजिबात नाही, मी विचारलं तर व्याख्या तिने घडाघडा सांगितली, लेक्चरमध्ये सरांनी हेच उदाहरण घेतलं होतं असंही म्हणाली. पण स्वतःच्या हाताने ते एकदाही सोडवलेलं नव्हतं. परीक्षेत ते असाच एक शब्द बदलतात. त्या दिवसापासून तिने दुसऱ्यांदा लेक्चर बघणं पूर्ण बंद केलं, रोज ७ तास लिहून सराव, संध्याकाळी अर्धा तास पुस्तक बंद करून आज काय झालं ते कोऱ्या कागदावर लिहायचं. पुढच्या अटेम्प्टला ग्रुप निघाला.

म्हणून तू ८ म्हणतेस ते एकदा स्टॉपवॉच लावून तपास. खरे ८ असतील तर तू फार चांगल्या जागी आहेस, हे मी तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत. खरे साडेपाच निघाले तर घाबरू नकोस, फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्याने आणि पन्नास मिनिटांचे तुकडे पाडण्याने महिन्याभरात दीड-दोन तास वाढतात, हे मी अनेकांचं बघितलंय.

दोन्ही ग्रुप की एक, यावर. दोन्ही दिले की एक मोठा फायदा आहे जो सीनियरने सांगितला नसेल. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपला ५० टक्के म्हणजे ३०० पैकी १५० हे लागतंच, पण दोन्ही ग्रुप एकत्र दिले तर सहाही पेपरांची मिळून ६०० पैकी ३०० झाली तरी पास धरतात. म्हणजे एका ग्रुपला १४२ आले आणि दुसऱ्याला १६०, तरी दोन्ही निघाले. माझ्या १९१ च्या वेळी मी एकच ग्रुप दिला होता, त्यामुळं मला हा आधार नव्हता. शिवाय एखाद्या पेपरला ६० मिळाले तर त्याचं एक्झेम्प्शन, म्हणजे तो पेपर पुन्हा न देण्याची मुभा, पुढच्या तीन अटेम्प्टला मिळतं. अवघड तर आहेच, मे २०२४ ला दोन्ही ग्रुप दिलेल्यांपैकी १९.८८ टक्के पास झाले होते. पण माझं मत असं की जानेवारीअखेर पाचही विषयांची पहिली फेरी झालेली असेल तर दोन्ही दे. जानेवारीअखेर दोन विषय कोरे असतील तर एका ग्रुपवर ये, आणि त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस, २०२५ पासून फायनल वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे, सप्टेंबर, दुसरा ग्रुप सप्टेंबरला देता येईल. फॉर्म भरायच्या वेळी ठरवायचं, आज नाही.

सप्टेंबरबद्दल एक सांगून ठेवते, पुण्यात राहून देणार असशील तर. २०२५ ला सप्टेंबरचे पेपर ३ तारखेला सुरू झाले आणि ६ तारखेला अनंत चतुर्दशी. ढोल-ताशाचा सराव त्याच्या महिनाभर आधीपासून असतो. पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्यांना विचार त्या संध्याकाळी किती पानं होतात. तसं झालंच तर ऑगस्टमध्ये सोलापूरला तुझ्या घरी जा.

विषयांचा क्रम. टॅक्स खूप आधी करू नकोस. तुझ्या अटेम्प्टला कुठला फायनान्स अ‍ॅक्ट, कुठल्या तारखेपर्यंतच्या अमेंडमेंट्स हे इन्स्टिट्यूट जाहीर करते, ते बघितल्याशिवाय डायरेक्ट टॅक्सचं जुनं पुस्तक कुणाकडून फुकट मिळालं म्हणून उघडू नकोस. आता तर १ एप्रिल २०२६ पासून इन्कम टॅक्स अ‍ॅक्ट २०२५ लागू झालेला, बहुतेक सगळे कलम क्रमांक बदललेले, चुकीच्या कायद्यावर घालवलेले १८० तास परत मिळत नाहीत. एफआर आणि एएफएम आधी, कारण ती हातात बसायला वेळ लागतो. ऑडिट मात्र नोव्हेंबरपासून रोज एक तास, संध्याकाळी, बाकी काहीही चालू असो. एसए (ऑडिटिंगची स्टँडर्ड्स) ७०० ते ७०६ ची भाषा आणि प्रोफेशनल एथिक्सचे क्लॉज एका बैठकीत पाठ होत नाहीत, झाले तरी आठवड्यात उडतात.

आरटीपी (इन्स्टिट्यूटचे रिव्हिजन टेस्ट पेपर्स) आणि मॉक टेस्ट पेपर्स शेवटी ठेवू नकोस. लोक म्हणतात अभ्यास पूर्ण झाला की लिहीन, आणि तो कधीच पूर्ण होत नाही. फेब्रुवारीच्या मध्यात पहिला पेपर लिही, दुपारी २ ते ५ याच वेळेत, जेवण झाल्यावर. दुपारची ती वेळ झोपेची असते, शरीराला त्या वेळी तीन तास लिहायची सवय लावावी लागते. सहावा पेपर तर चार तासांचा आहे. पहिल्या मॉकला ३० पडले तरी तो कागद फाडून टाकू नकोस, कुठे गेले ते लाल पेनने लिही, वेळ संपला म्हणून की आठवलं नाही म्हणून की प्रश्नच चुकीचा वाचला म्हणून. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आणि झोप सात तास. यात काटछाट करून कुणाचं भलं झालेलं मी बघितलेलं नाही. रात्री २ पर्यंत जागून केलेला इंड एएस सकाळी कोरा असतो.

सेल्फ पेस्ड मॉड्यूल्सचे (इन्स्टिट्यूटचे आपापल्या गतीने करायचे ऑनलाइन विषय) चार सेट झालेत का ते तू लिहिलं नाहीस. ते पास झाल्याशिवाय फायनलला बसता येत नाही, प्रत्येकाला ५० टक्के लागतात. राहिले असतील तर ऑक्टोबरच्या आतच संपव, स्टडी लीव्हमधले दिवस त्यावर घालवायचे नाहीत.

आता एक कर. आज रात्री एफआरची किती तासांची लेक्चर्स राहिलीत तो आकडा अ‍ॅपमध्ये बघून इथे लिही, आणि तीन दिवसांचा स्टॉपवॉचचा आकडा. मग टॅक्स ऑडिटचे आठवडे वगळून ऑक्टोबरअखेरपर्यंतचं वेळापत्रक मी तुला बसवून देते.